टाकी खाली, टाकीखाली

आमच्या ऑफिसात मराठीचं टेबल खिडकीपाशी होतं. ते तिथेच राहणार की उचललं जाणार, हे एका कूलरच्या माहितीपुस्तिकेवर ठरायचं होतं.

ऑफिस हैदराबादला कोठी भागात, पुस्तकांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. आम्ही भाषांतर करायचो, टाइप करायचो, पानं लावून छापखान्यात पाठवायचो. देशाचा बाजार नुकता खुला झाला होता आणि रोज नव्या कंपनीची नवी वस्तू दुकानात येत होती. पूर्वी मिक्सरबरोबर एक कागद मिळायचा आणि तो कोणी वाचत नसे. आता चार भाषांत पुस्तिका मिळू लागली आणि तीही कोणी वाचत नसे. पण ती छापावी तर लागायचीच, आणि त्यावर आमचं भागायचं.

तेलुगू आणि हिंदीचं काम रग्गड. मराठीला आम्ही दोघीच. आमचं घर मूळचं नांदेडकडचं, पण माझा जन्म आणि शाळा दोन्ही सुलतान बाजारातली. दुसरी पुण्याची. नवऱ्याला इथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून वर्षभरापूर्वी आलेली. तिला माझ्या मराठीत रोज काहीतरी सापडायचं. मला तिचं मराठी कमी मिठाचं वाटायचं. काम मात्र छान जमायचं.

कामाची रीत जुनी होती. एकीने एक प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने दुसरी प्रत समोर धरून बोट फिरवत जायचं. जिथे ऐकलेलं आणि दिसणारं जुळत नाही, तिथे लाल खूण. छापखान्यातून चालत आलेली पद्धत, आणि तोवर तिने कधी दगा दिला नव्हता.

अडचण आली ती गिऱ्हाइकांकडे कॉम्प्युटर आल्यावर. आधी ते कागदावर शाईने दुरुस्त्या करून पाठवायचे, काय बदललं ते दिसायचं. आता आमची फ्लॉपी घेऊन जायचे, आपल्या ऑफिसात तिच्यात हवं ते करायचे आणि "थोडं ठीक केलंय" म्हणून परत पाठवायचे. थोडं म्हणजे काय, ते आम्हीच शोधायचं.

कूलरची पुस्तिका अशीच ठीक होऊन परत आली, त्याच दिवशी मालकांनी मला बोलावलं. मालक तेलुगू, पण आम्हा सगळ्यांशी हैदराबादी हिंदीत बोलायचे.

"मॅडम, कूलरवाले साब का फोन आया था. बोल रहे, पूना में एक आदमी है, उसके पास कंप्यूटरच बता देता क्या बदला, क्या नहीं. ये किताब बराबर हुई तो आगे का पूरा मराठी अपना. नहीं तो पूना."

"और हमारा टेबल?"

"टेबल का क्या है, तेलुगूवाले बैठ जाते."

तेलुगूवाल्यांची नजर आमच्या खिडकीवर पहिल्यापासून होतीच. खिडकी गेली असती तर माझी काही हरकत नव्हती. पण मराठीच गेलं असतं, तर मला इंग्रजी पत्रं टाइप करायला बसावं लागलं असतं, आणि ते मला अजिबात नको होतं.

मालकांनी ठरवलं, पुण्याच्या माणसाकडे आहे तसा, बदल दाखवणारा प्रोग्राम आपणही घ्यायचा. निवड माझ्याकडे आली. पंखा घ्यायचा असो की खुर्ची, ऑफिसातली खरेदी माझ्याकडेच यायची, कारण दुकानदार काय सांगतो याकडे मी फारसं लक्ष देत नाही आणि वस्तू चालवून बघितल्याशिवाय घेत नाही.

सिकंदराबादहून विक्रेता आला. त्या उन्हात टाय लावून, डब्यात फ्लॉप्या घेऊन. त्याच्याकडे तीन प्रोग्राम होते. त्याने आधी इंग्रजी पत्राच्या दोन प्रती लावल्या. बदललेले शब्द चटकन रंगून समोर आले. मालक खूश.

"आता हे लावा," मी म्हटलं, आणि कूलरच्या दोन फ्लॉप्या पुढे केल्या. एक आमची, एक त्यांच्याकडून परत आलेली.

पहिला प्रोग्राम काळ्या पडद्याचा. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं माहीत. तेव्हा कॉम्प्युटरवरचं मराठी म्हणजे मराठी कपडे घातलेली इंग्रजी अक्षरंच असायची. कपडे काढले की आत कंस, टिंबं आणि भलतीसलती चिन्हं. पडद्यावर तेच उमटलं.

"हे काय आहे?" पुणेकरणीने विचारलं.

"शुद्ध मराठी," मी म्हटलं. "कोणाला कळत नाही."

शिवाय तो ओळीशी ओळ ताडून बघायचा. वर कुठे एक शब्द वाढला की खालच्या सगळ्या ओळी सरकायच्या, आणि त्या सगळ्या चुकीच्या म्हणून दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीआधीच तो बाद झाला.

दुसऱ्यात दोन प्रती शेजारी शेजारी दिसायच्या, आणि मराठी मराठीसारखं दिसायचं. पण पानं बघावी तर लालच लाल. विक्रेता घाबरला. "मॅडम, आपकी लँग्वेज में प्रॉब्लेम है."

प्रॉब्लेम भाषेत नव्हता. आमच्याकडे 'ओ' टाइप करताना आधी 'आ' काढून वर मात्रा द्यायचो. त्यांच्याकडच्या कुणीतरी 'अ' काढून पुढे काना-मात्रा दिला होता. डोळ्यांना दोन्ही 'ओ' सारखेच, यंत्राला मात्र ती वेगळी अक्षरं. आम्ही त्यांच्या फायलीतले सगळे 'ओ' एका फटक्यात बदलून घेतले. पुष्कळ लाली गेली, तरी बरीच उरली. ती सगळी मोकळ्या जागांची. त्यांच्या टायपिस्टला पूर्णविरामाच्या आधी जागा सोडायची सवय होती, आणि दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन जागा हाणायचीसुद्धा.

तिसरा प्रोग्राम दुसऱ्यासारखाच, पण त्यात एक चौकोन होता. त्यावर खूण केली की मोकळ्या जागा तो मोजायचाच नाही.

"ये खाली जगह को देखताइच नहीं, मॅडम," विक्रेता म्हणाला. "एकदम क्लीन रिपोर्ट."

खरंच क्लीन. अख्ख्या पुस्तिकेत मोजकेच बदल. 'गार हवा'ची 'थंड हवा' झालेली, कंपनीचा पत्ता नवा, वायरीबद्दलचं एक वाक्य वाढलेलं.

"यहीच लेंगे," मालक म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "आधी आम्ही आमच्या रीतीने वाचतो. मग बघू."

विक्रेत्याला चहा दिला आणि आम्ही बसलो. ती परत आलेली प्रत वाचू लागली, मी आमची धरली.

"रेडिओवरच्या बातम्या नाहीत या, हळू वाच."

"तू बोट भराभर हलव. शाळेत नाही का शिकवलं?"

"शाळेत आम्ही बोट तोंडावर ठेवून बसायचो. तुझ्याकडे तो तास झालेला दिसत नाही."

वाचून झालं. तिसऱ्या प्रोग्रामने दाखवलं तेवढंच आम्हाला मिळालं. एक खूण कमी नाही, एक जास्त नाही. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो प्रोग्राम त्यांनीच लिहिलाय.

पण दुसऱ्या प्रोग्रामला नको म्हणायचं, तर त्याचं सगळं म्हणणं एकदा बघायला हवं होतं. डाळ निवडताना मी खडे नसलेल्या बाजूवरूनही हात फिरवते. मी त्याची लाल पानं उघडली.

"मॅडम, छोडो उसको. कित्ता चिल्लाता वो," मालक म्हणाले.

"चिल्लाने दो, सर."

जागा. जागा. पूर्णविरामाआधी जागा. दोन जागा. परत पूर्णविराम. मी जांभई देणार, एवढ्यात उन्हाळा संपल्यावर कूलर कसा ठेवायचा, ते पान आलं. आमच्या प्रतीत वाक्य होतं, 'पंप काढून टाकी खाली ठेवा.' त्यांच्या प्रतीत, 'पंप काढून टाकीखाली ठेवा.'

मी तिला हाक मारली. "हे वाच बरं."

"मघाशी वाचलं की. पंप काढून टाकीखाली ठेवा. बरोबर आहे."

"काय ठेवायचं टाकीखाली?"

"पंप."

"पंप?"

"मग? काढला ना? काढला की कुठेतरी ठेवायला नको? टाकीखाली ठेवायचा."

"अगं बाई, टाकी खाली ठेवायची! पाणी काढून!"

"मग रिकामी म्हण ना!"

"खाली म्हणजे रिकामीच!"

"तुमच्याकडे! पहिल्याच आठवड्यात तू मला सांगितलंस, 'ती खुर्ची खाली आहे, बस.' मी वाकून टेबलाखाली बघितलं, आठवतंय? सगळे बघत होते."

"मला वाटलं तुझं कानातलं पडलं."

तेलुगूची बाजू काम थांबवून आमच्याकडे बघत होती. भाषा कळत नव्हती, पण हातवारे पुरेसे होते.

आमच्या घरात डबा खाली असतो, घर भाड्याने द्यायला खाली होतं, बसमध्ये सीट खाली मिळते. रिकामं हा शब्द मला माहीत आहे, पण तो पुस्तकातला. तिच्यासाठी खाली म्हणजे पायांकडे, दुसरं काही नाही. आणि आम्ही दोघींनी ते वाक्य मोठ्याने वाचून, ऐकून, मान डोलावून पुढे सोडलं होतं. तिने डोळ्यांसमोर पंप टाकीखाली सरकवला, मी टाकीतलं पाणी ओतून दिलं, आणि दोघींचं समाधान झालं. मोकळ्या जागेला आवाज नसतो, त्यामुळे कानाला ती सापडण्याचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या प्रोग्रामला तर ती बघूच नको म्हणून सांगितलेलं.

मी मालकांना घोळ समजावून सांगितला. "ठीक करके भेज दो, चुपचाप," ते म्हणाले.

"नहीं सर. फोन लगाती. किसने जोडा वो मालूम होना, नहीं तो अगली किताब में फिर जोड देंगे."

मी त्यांच्याच टेबलावरून कूलर कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेब हिंदीवाले, बोलायला मोकळे. मी विचारलं, "टाकी और खाली, ये दोनों किसने जोडे?"

"हमने कुछ नहीं किया, मॅडम. आपकी किताब पूनावाले को दिखाई थी, देखने के लिए कि वो क्या निकालता है. उसने स्पेलिंग वगैरह ठीक करके भेजा."

म्हणजे आमच्या मागे पुस्तिका पुण्याची वारी... नव्हे, पुण्याची सफर करून आली होती. आमच्या टेबलाची परीक्षा चालली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्या पुण्याच्या माणसाला मी दोष देत नाही. शब्दयोगी अव्यय सुटं लिहिलेलं दिसलं, त्याने जोडलं. माझ्या शेजारची पुणेकरीणही तेच करती.

"तो अब मतलब क्या हुआ इसका?" साहेबांनी विचारलं.

"पंप निकाल के टाकी के नीचे रखना."

पलीकडे साहेब हसू लागले. "टाकी के नीचे? पंप का तो पापड हो जाएगा! पूरा मराठवाडा मेरे ऑफिस में टूटा पंप लेके आएगा!" मग हसणं एकदम थांबलं. "छपने तो नहीं गया?"

"नहीं. मेरे सामने है."

"और पकडा किसने? आपने, या मशीन ने?"

"मशीन ने दिखाया, मैंने देखा."

त्यांना हे उत्तर पटलं असावं. ते म्हणाले, "तो ऐसा करो, मराठी आपही के पास रहने दो. पूना को मैं बोल देता हूँ. और अब वहाँ क्या लिखोगे?"

शेजारी ती उभी होती. तिने माझ्या नाकासमोर बोट नाचवलं आणि ओठांनी शब्द दिला.

"रिकामी," मी फोनमध्ये म्हटलं.

"रिकामी? ये क्या होता है?"

"खाली."

साहेब पुन्हा हसायला लागले आणि त्यांनी फोन ठेवला.

विक्रेत्याचा चहा कधीच संपला होता. त्याला तिसराच प्रोग्राम खपवायचा होता. मी सांगितलं, दुसरा द्या, आणि जागांची ती सवय मोडायला गिऱ्हाइकाच्या टायपिस्टशी मी बोलेन. इंग्रजीत असेल चालत जागा सोडून देणं. आमच्या भाषेत एक जागा इकडची तिकडे झाली तर माणूस कूलर उचलून त्याच्याखाली पंप सरकवत बसेल.

"पर मॅडम, रोज इत्ता लाल कौन देखेगा?" मालकांनी विचारलं.

"हम दोनों. टेबल हमारा है ना?"

"हौ, हौ, तुम्हारा है," ते म्हणाले, आणि तेलुगूच्या बाजूकडे बघून त्यांनी हात हलवला. तिथले चेहरे पडले. मी त्यांना संध्याकाळी मिरची भजी खाऊ घातली, तेवढ्यावर मिटलं.

पुढची पुस्तिका गीझरची होती. फ्लॉपी आली तशी पुणेकरणीने सवयीने पहिलं पान उचललं, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"वाचू नकोस," मी म्हटलं. "बघ."

तिने पान ठेवलं आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर माझ्या शेजारी बसली. पहिल्याच ओळीत तीन लाल खुणा होत्या. तिसरीवरून आमचं लगेच वाजलं.