ढीग उलटण्याची रीत

नेल्सन शहराहून डोंगर ओलांडला की हे गाव लागते. जर्मनीतून जहाजाने आलेल्या शेतकऱ्यांनी ते वसवले. आता इथे जर्मन कोणी बोलत नाही. ती भाषा ल्यूथरन चर्चमागच्या थडग्यांवर तेवढी राहिली आहे. स्वभाव मात्र गेला नाही. कुंपणे एका रेषेत कापलेली असतात, गायनवृंदाची तालीम ठरल्या वेळीच सुरू होते, आणि न विचारता कोणी कोणाच्या दारात जात नाही. मी इथल्या लाकूड कारखान्यात अभियंता म्हणून आलो व निवृत्तीनंतर इथेच राहिलो. मुलगा हॅमिल्टनला असतो.

ईस्टरच्या शनिवारी, अंधार पडताना, चर्चखालच्या मैदानात हे लोक मोठी आग पेटवतात. उपटलेली सफरचंदाची झाडे, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचे वाळके वेल, मोडकी फळकुटे असा ढीग कित्येक आठवडे रचला जातो. इथे, दक्षिण गोलार्धात, ईस्टर उन्हाळा सरताना येतो. सगळे वाळून कडकडीत झालेले असते.

माझा शेजारी हॉप्सचा जुना बागायतदार. त्याच्या आजोबांची एक रीत होती: पेटवण्याआधी, त्याच दिवशी, संपूर्ण ढीग उलटायचा, कारण अशा ढिगात हेजहॉग येऊन बसतात. गावाने ती रीत केव्हाच सोडली. हा काटेरी पाठीचा प्राणी इथल्या पक्ष्यांची अंडी खातो. लोक त्याला सापळे लावतात. शेजारी दर वर्षी समितीपुढे विषय काढी. “गाद्या-उशाही घालू का त्यांना?” असे समितीचा प्रमुख विचारी, आणि सभा हसे.

माझ्या पत्नीची स्मृती गेली काही वर्षे ढासळत आहे. इंग्रजी आधी गेले. या वर्षी तिने तो ढीग पाहिला आणि होळी रचली आहे असे ठरवले. एके सकाळी ती तांब्या घेऊन त्याच्याभोवती पाण्याची धार धरताना सापडली. शेजाऱ्याने कुंपणावरून ते पाहिले व अर्थ विचारला. मी होळीविषयी सांगितले. त्याने मान हलवली.

शनिवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. आत आलो तेव्हा पुढचे दार उघडे होते आणि ती घरात नव्हती.

चर्च, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, ओढा: मी सर्वत्र पाहिले. तासाभरात निम्मे गाव शोधात उतरले. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला, विभाग वाटून घेतले आणि ओळीने निघाले. आरडाओरडा नाही. ती शांतता मला सहन होईना. ओढ्याकडचे लोक हात हलवीत परतले तोवर सूर्य डोंगराआड गेला होता.

समितीचा प्रमुख माझ्याजवळ आला. आगीचा परवाना आजपुरताच आहे आणि वाराही फिरणार आहे, असे त्याने सौम्यपणे सांगितले. उजेड दिसला तर त्या स्वतःच येतील, असेही म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता. त्याच्यामागे मशाल पेटलेली होती, आणि वाऱ्याने तिची ज्वाळा ढिगाच्या दिशेने लवत होती.

शेजारी घरून दाताळे घेऊन आला.

“आधी ढीग उलटा,” तो म्हणाला.

आज तरी हेजहॉगचे राहू द्या, असे कोणीसे पुटपुटले. शेजारी त्याच्याकडे वळला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. मग मला कळले.

“ती आत असेल,” मी म्हणालो. “ती याला आमचा सण समजते.”

शेजाऱ्याने पहिली फांदी ओढली. मी हातांनीच सुरुवात केली. मग गायनवृंदातल्या पुरुषांनी कोट काढून गवतावर ठेवले.

पलीकडच्या बाजूला, दोन उपटलेल्या झाडांच्या मुळांमध्ये पोकळी होती. ती तिथे गुडघे जवळ घेऊन बसली होती. साडीवर माझा स्वेटर, मांडीवर बिस्किटांचा पुडा.

“अहो, किती उशीर,” ती म्हणाली. “पेटवायचं थांबलंय सगळं. नैवेद्य आणलात?”

“आणला. बाहेर ये.”

प्रमुखाने मशाल खाली केली होती. आम्ही निघाल्यावर ढीग पुन्हा रचला गेला व पेटवला गेला. वर्षानुवर्षांचे भजन ठरल्या सुरात घरापर्यंत ऐकू आले. मला त्याचा राग आला नाही. ती खिडकीशी उभी राहून हात जोडत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारी हत्यारांची पेटी घेऊन आला. त्याने माझ्या फाटकाला बाहेरच्या बाजूने लोखंडी कडी बसवली आणि दोनदा ओढून पाहिली. त्याच्या फाटकालाही तशीच कडी आहे. त्याची पत्नी वारली त्याला बरीच वर्षे झाली; कडी त्याने काढलेली नाही.

तो गेल्यावर पत्नी फाटकापाशी गेली. तिने गजांमधून बोटे घातली. ती कडीपर्यंत पोचली नाहीत.

“हे आतून उघडत नाही का हो?”

मी तिला घरात नेले. वाटेत तिने तेच पुन्हा विचारले.