नातवाच्या पाठीला पट्टा

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. दुबईत नोकरीला असलेल्या पोरानं आम्हा नवराबायकोला तिकडं फिरायला नेलं होतं. तिथल्या एका भल्यामोठ्या मॉलच्या दारात त्यानं दोन वर्षांच्या माझ्या नातवाच्या पाठीला पट्टा बांधला आणि पट्ट्याची दोरी हातात धरली. माझं डोकंच फिरलं. माण तालुक्यात आमच्या पिढ्या मेंढरामागं गेल्या. मेंढराला सुद्धा आम्ही दोरी लावत नाही, ते आमच्या हाळीवर चालतं.

"सोड त्याला," मी म्हटलं.

"आबा, गर्दीत हरवंल. हितं समदेच बांधत्यात."

"शंभर मेंढरं राखली मी. एक पोर राखाय येत न्हाई व्हय?"

मी पट्टा सोडून खिशात घातला. पुढं काचेमागचे मोठाले मासे बघताना पोर हातातून कधी निसटलं ते कळलं नाही. मी मेंढरांना घालतो तशी हाळी घातली. सगळा मॉल माझ्याकडं बघत राहिला, पण पोर काही आलं नाही. शेवटी एका पहारेकऱ्यानं त्याला उचलून आणलं.

"आवं, आता तरी बांधू द्या," बायको रडत म्हणाली.

मी पट्टा दिला नाही. धनगराच्या पोराला दोन वर्षांत घरची हाळी कुणी ऐकवली नाही, यात माझी काय चूक? दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या घराच्या गॅलरीत नातवाला घेऊन बसलो आणि हाळी शिकवायला लागलो. शेजारी बाहेर येऊन बघू लागले, तरी थांबलो नाही.