मुलाखतीच्या सकाळी बॅटरी उतरली

आमची जीप डिझेलची, जुनी. काटेवाडीत दारातच उभी असायची. नव्वद सालानंतरची ती वर्षं. वीज कधी जाईल नेम नसायचा, आणि जायची ती बरोबर मालिकेच्या वेळेला. मग मी जीप ओट्याला लावायचो, बॉनेट उघडून बॅटरीला दोन वायरी जोडायचो आणि खिडकीतून आत घेऊन छोटा काळापांढरा टीव्ही चालू करायचो. अख्खी आळी आमच्या घरात.

बॅटरीवर नजर ठेवायचं काम बायकोचं. मीटर-बिटर काही नव्हता. बॅटरी उतरायला लागली की टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. कडेला बोटभर काळं दिसलं की ती उठून खटका दाबायची. मालिकेतली सून विहिरीच्या काठावर उभी असली तरी. बायका ओरडायच्या. ही म्हणायची, "उद्या जीप काय तुमचा बाप ढकलणार व्हय?"

ती गेली आणि मी टीव्हीवर चादर टाकली. बायका यायच्या बंद झाल्या. घरात मी आणि धाकटी लेक. तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी इंदापूरला मुलाखतीचं बोलावणं आलं, तर म्हणे जात न्हाय. का, तर तिथं हॉस्टेलवर राहावं लागतं आणि आबा एकटा पडतो. मी दोन शिव्या घातल्या तेव्हा कुठं तयार झाली.

आदल्या संध्याकाळी वीज गेली. शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, लावता का टीव्ही? लय दिस झालं." मला बरं वाटलं. पोरीनं चादर काढली. घर पुन्हा भरलं, कुणी भाजलेल्या शेंगा आणल्या. चित्र आक्रसत आक्रसत पत्त्याच्या पानाएवढं झालं, तरी सगळी बघत बसली. मीही. उठून बंद करायचं काम बायकोशिवाय कधी कुणी केलंच नव्हतं.

सकाळी किल्ली फिरवली. जीप नुसती टक् करून गप्प. यष्टी तर मघाशीच निघून गेलेली. पोरीचं तोंड बघितलं, तर सुटल्यासारखं दिसलं.

"ऱ्हाऊ द्या आबा. नशिबात न्हाय."

"नशिबाचा काय संबंध? बॅटरी उतरलीय. बस आत."

आळीत उभा राहून ओरडलो, "काल ज्यांनी टीव्ही बघितला, त्यांनी भाईर या!"

आल्या की सगळ्या. वहिनींनी पदर खोचला. "चला गं, आपणच बाप हाय आता!" हसून हसून निम्मा जोर वाया गेला, पण उताराला मी क्लच सोडला आणि इंजिन धडधडलं.

डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीवाचून चालतं. बंद केलं की संपलं. म्हणून इंदापुरात पोरगी आत गेली आणि मी फाटकातच जीप धडधडत ठेवून बसलो. वॉचमन आला. "ओ आबा, बंद करा की. आत मुलाखती चालल्यात."

"बंद केली तर हितंच ऱ्हाईल. मग तुझं फाटक उघडायचं न्हाय."

गेला बिचारा.

पोरगी बाहेर आली ती डोळे पुसतच. मला वाटलं, गेलं. तर म्हणाली, "घेतलं मला. सोमवारी यायचंय. आबा, तुमी एकटं..."

"आधी गाडीत बस. रडायचं ते चालत्या गाडीत रड, डिझेल जळतंय."

तिथनं बॅटरीच्या दुकानात. दुकानदारानं काचेची नळी बुडवून बघितली. "बॅटरीच्या सहा घरांतली दोन मेलीत, तात्या. ही भरून उपयोग न्हाय." मी म्हटलं, नवी टाक. जुनी त्यालाच द्यायची होती. तिच्यावर दसऱ्याचं हळदीकुंकू अजून चिकटलेलं, बायकोच्या बोटांचं. पोरगी बघत राहिली. "ठेवायची का, आबा?"

"काय करायचीय ठेवून? दे त्याला."

नव्या बॅटरीवर जीप पहिल्याच किल्लीला उठली. परतताना पोरगी म्हणाली, "मी दर रविवारी येत जाईन."

"यष्टीत धक्के खात कशाला? मीच येतो की."

आणि गेलो. पहिल्याच रविवारी उजाडायच्या आत जाऊन हॉस्टेलच्या दारात उभा राहिलो. पोरगी डोळे चोळत बाहेर आली आणि कपाळाला हात लावला.

"आबा, दात तरी घासू द्यायचं हुतं!"