ग्वाक काकूंचा गाल

दक्षिण कोरियातल्या यंगयांगच्या आमच्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी आयुष्यातली पहिली पेशी पाहिली ती ग्वाक बुन-नाम काकूंच्या गालातली. काकू प्रयोगशाळेत काचसामान धुवायच्या.

सुरुवात म्यंग सरांच्या विज्ञानाच्या तासाला झाली. सर म्हणाले, "कापसाच्या काडीनं गाल आतून हलकेच खरवडा." कुणाचा दात दुखायला लागला, कुणी नुकतीच किमची खाल्ली होती. सर वैतागले. तेव्हा काकूंनी हात पुसले आणि तोंड उघडलं.

"घ्या लवकर. अजून वीस बाटल्या धुवायच्यात."

पुढची बावीस वर्षं दर एप्रिलात हेच चाललं. एका वर्षी एका मुलानं पेशी समजून भाताच्या कणाचं चित्र मन लावून काढलं आणि त्याला पैकीच्या पैकी मिळाले. तेव्हापासून काकू त्या दिवशी दोनदा दात घासून येऊ लागल्या.

मग सरांच्या जागी मी आले, आणि पाठोपाठ परिपत्रक आलं: वर्गात माणसाचा ताजा नमुना वापरू नये. मी गालाऐवजी कांदे आणले. चार दिवस काकूंकडून माझा चहाचा कप तेवढा विसळायचा राहत होता.

पाचव्या दिवशी काकू मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या. मीही तिथेच होते.

"सर, मला का बंद केलं?"

"काकू, नियम माणसांसाठी आहे."

"मी तर कर्मचारी आहे."

"कर्मचारीही माणूसच असतो."

"हे बावीस वर्षांत आज ऐकलं."

मुख्याध्यापक परिपत्रक पुन्हा वाचू लागले. मी म्हटलं, गालाच्या पेशींची विकतची सीलबंद काचपट्टी चालते, कपाटात एक आहेही.

"तो गाल कुणाचा?" काकूंनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"म्हणजे अनोळखी माणसाचं तोंड चालतं."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त लाज वाटली. मी शिक्षण कार्यालयात फोन लावला. मग उत्तर आलं, सीलबंद असेल तर आपण बनवलेलीही चालेल.

आम्ही दोघी बसलो. बारा काचपट्ट्या बिघडल्या, तेरावी जमली. काकूंनी स्वतः चिठ्ठी लिहून चिकटवली: 'गाल. ग्वाक बुन-नाम. वय ५८.' मग म्हणाल्या, "बाई, मी अजून बघितलंच नाहीये."

सूक्ष्मदर्शकातून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मधला ठिपका कसला?"

"केंद्रक. पेशीचा कारभार तिथून चालतो."

"आणि भोवतालचं?"

"तेही तुम्हीच, काकू."

"ह्या पेशी मेल्या ना आता?"

"हो. पण गालात त्यांच्या जागी नव्या आल्या असतील."

"मला न विचारता?"

"न विचारता."

"बरं," म्हणाल्या, आणि माझा नि स्वतःचा, दोन्ही कप विसळायला घेऊन गेल्या.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. आता मिरची लावतात, बाजारात विकतात. परवा यंदाच शाळेत आलेल्या एका मुलीनं काचपट्टीवरचं नाव वाचून विचारलं, "बाई, ह्या वारल्या का?"

मी बाजाराचा पत्ता दिला. रविवारी चौघी-पाचजणी काकूंना लांबून बघून आल्या.

"अगदीच साध्या आहेत," मुलींनी मला सांगितलं.