सहा दहाची गाडी मी पुढे ढकलली

विमानांच्या वेळापत्रकावर पीएचडी करते म्हटल्यावर आमच्या झाई गावात लोक दोनच गोष्टी विचारायचे: तिकीट स्वस्तात मिळेल का, आणि लग्न कधी. कोणत्या वेळेच्या विमानाला किती माणसं येतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून विमानं कधी सोडायची ते ठरवायचं, एवढंच माझं काम. शेवटचं प्रकरण लिहायला मी घरी, आमच्या चिकूच्या वाडीत येऊन बसले होते. त्यात एक गृहीतक होतं: आपल्या वेळेचं विमान रद्द झालं की प्रवासी जवळच्या दुसऱ्या वेळेला जातो. मला ते इतकं उघड वाटायचं की त्यावर मी अर्धं पानही खर्च केलं नव्हतं.

आमच्याकडे डहाणूला जाणारी सकाळी सहा दहाची एसटी रिकामी धावायची आणि साडेसातच्या गाडीत कॉलेजच्या मुलींना पाय ठेवायला जागा नसायची. शेजारचे काका पंचायतीत आहेत. ते म्हणाले, "एवढी विमानं हलवतेस, तर आमची एक गाडी हलव की." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठवडाभर मी पहाटे उठून वही घेऊन थांब्यावर बसले.

सहा दहाला फारसं कुणी नसायचंच. आमच्या वाडीत चिकू काढायला येणारी मावशी मात्र रोज यायची, फडक्यात बांधलेला डबा ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि खाली मान घालून निघून जायची. गाडीबरोबर डबा धाडणं आमच्याकडे नवीन नाही, डहाणूच्या स्टँडवर कुणीतरी येऊन उचलतं. मी वहीत लिहायचे: चढले, शून्य.

माझा तक्ता डेपोतल्या साहेबांना पटला. सहा दहाची गाडी सातला सुटू लागली, मुलींना बसायला जागा मिळाली आणि गावभर माझं कौतुक झालं. मला ते मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी दुपारी वाडीत चिकूच्या झाडाखाली तेच फडकं दिसलं, गाठ तशीच. मावशी म्हणाली, "काय नाय, बाय." मी हटून बसले तेव्हा हळूहळू बोलली. दोन वर्षांपूर्वी लेकीनं तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा अख्ख्या पाड्यासमोर ही म्हणाली होती की पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही. आता लेक बाळंतपणानं खंगून डहाणूच्या दवाखान्यात होती. जावई स्टँडवरून डबा नेत होता.

"सहाच्या गाडीला कुणी नसायचं," मावशी म्हणाली. "सातला सगळं गाव उभं. त्यांच्या डोळ्यांदेखत कसा देऊ?"

तीन दिवस ती सकाळी डबा भरत होती आणि दुपारी स्वतःच खात होती.

"मी मोजत होते तेव्हा सांगायचंस ना मावशी," मी चिडूनच म्हणाले. खरं तर चिडले होते स्वतःवर.

"तू चढणारी माणसं मोजत होतीस. मी कुठं चढत होते?"

पुढे मी ते गृहीतक खोडलं आणि प्रबंध वर्षभर लांबला, पण त्या दुपारी मला प्रबंध आठवलाही नाही. फक्त मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी स्कूटर काढली आणि मावशीला मागे बस म्हटलं. ती बसली नाही. डबा मात्र तिने माझ्या हातात दिला, आणि फडकं पुन्हा एकदा घट्ट आवळलं.

बोर्डी, घोलवड करत मी डहाणूला पोचले. मावशीची लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कोण हे सांगायच्या आधीच तिला फडकं दिसलं आणि ती उठून बसली.

"गाडी बंद होती काय?" तिने विचारलं.

"नाही. मी तिची वेळ बदलली."

ती गाठ सोडवू लागली. गाठ सुटेना, तिच्या बोटांत ताकद नव्हती. मी हात पुढे केला तर तिने डबा जवळ ओढून घेतला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "आयशीनं परत बोलणं टाकलं."