तळाचं गवत

कन्नडजवळच्या सासरच्या गावी तळं साफ करायचं ठरलं, तेव्हा आखणी माझ्याकडे आली. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या घरी सगळ्याच आखण्या माझ्याकडे असतात. कोणत्या रविवारी कोण येणार, दाताळी किती, दोर किती, पिण्याच्या पाण्याचे जार कोण आणणार, सगळं वहीत होतं. पहिल्या दोन रविवारी वर तरंगणारी जलपर्णी काढली. ती काढायलाच हवी होती. पुढच्या ओळीत मी लिहिलं होतं : तळाचं गवत.

हे गवत पाण्याखाली, चिखलात मुळं रोवून वाढतं. तळ्याचा ठेका घेतलेले भोईकाका काठावर येऊन उभे राहिले. यंदाची रोहू-कटल्याची पिल्लं त्यांनी पाण्यात सोडली होती.

“ताई, वरचं काढलं ते बेस केलं. खालचं ऱ्हाऊ द्या.”

“का काका? घाण तर दोन्हीही.”

“घाण नाय ती. गाळ धरून बसलीया. उपटली की वाऱ्यानं समदा गाळ उठल. मासा गुदमरल.”

माझा चुलत दीर हसला. “आयतं साफ तळं देतोय, तरी ह्यांची कुरकुर! काका, तुमच्या माशांना उशा-गाद्यापण आणू का?”

काका हसले नाहीत. मी हसले. मग मीच म्हणाले, ट्रॅक्टर दुपारपर्यंतच मिळालाय. माझ्याकडे तेवढंच कारण होतं.

लोखंडी दाताळं दोराला बांधून ट्रॅक्टरने तळावरून ओढलं. गवताबरोबर काळा, कुजका वास मारणारा चिखल वर आला. पाणी गढूळ झालं. दोन दिवसांत निवळेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

निवळलं नाही. उन्हाळ्यात ते तळं कमरेएवढं उरतं आणि दुपारी वारा सुटतो. गवत होतं तेव्हा लाट त्यातच जिरायची. आता ती तळापर्यंत पोचून रोज गाळ ढवळू लागली. त्या गाळात आमच्याच शेतांतून वर्षानुवर्षं वाहून आलेलं खत होतं. ते पाण्यात मिसळलं आणि त्यावर शेवाळ माजलं. पाणी आधी पोपटी झालं, मग गर्द हिरवं, रंग कालवल्यासारखं. रात्री हेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि ढगाळ दिवसांत तो भरून निघत नाही. हे मला नंतर वाचून कळलं. काकांना आधीच ठाऊक होतं.

एका ढगाळ सकाळी दिराचा फोन आला. आम्ही पोचलो तोवर काठावर मासे पांढरी पोटं वर करून पसरले होते. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून ते टोपलीत भरत होते. विकता येणार नव्हते, पण गावाला वास नको म्हणून.

“गवत परत लावता येईल का?” मी विचारलं.

“उगवल की. पर आधी गाळ बसाया पायजे.” त्यांनी टोपली काठावर ठेवली. “तवर म्या काय करू, ते सांगा.”

मी चपला काढल्या, दुसरी टोपली घेतली आणि पाण्यात उतरले. पाय गाळात रुतत होते, आणि दर पावलाला तो आणखी वर येत होता.

“तुमी भाईर व्हा, ताई,” काका म्हणाले. “आणखी नका ढवळू.”