शेजारची वाटी

स्वयंपाकघरातलं मला एकच काम येतं, डाळिंब सोलणं. आता याला कुणी स्वयंपाक म्हणत नाही हे मलाही कळतं. पण बायको गेल्यापासून माझ्या हातून भातसुद्धा धड होत नाही; कधी चिकट, नाहीतर करपलेला. डाळिंब मात्र तिनंच शिकवलं. तिच्या आजारपणात रोज एक लागायचं. वरचं टोक सुरीनं गोल कापायचं, आत पांढरे पडदे दिसतात त्यांच्या रेषेवर सालीला नुसता चरा द्यायचा, आणि दोन्ही अंगठ्यांनी उकलायचं. सुरी आत घुसवायची नाही, दाणे फुटतात. पिवळा पापुद्रा एक जरी राहिला तरी ती वाटी माघारी पाठवायची. ‘एवढ्या वर्षांत एक काम नीट जमलं तुम्हाला,’ असं एकदा म्हणाली होती. ऑफिसात जन्मभर फायली सांभाळल्या, तिथं एवढंही कुणी म्हटलं नाही.

ती गेली त्याच वर्षी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माझ्या घराच्या भिंतीपलीकडं एक विणकर कुटुंब भाड्यानं राहायला आलं. घरात तेलुगू बोलायचे, बाहेर मराठी. नवरा मागावर जायचा, बायको घरी टॉवेलांना शिलाई मारायची. महिनाभरात ती बाई स्टीलची मोठी वाटी घेऊन दारात उभी राहिली. आत चिंचेची आंबट आमटी. म्हणाली, “काका, आज जास्त झाली.” जास्तबिस्त काही झाली नव्हती. माझ्या करपलेल्या भाताचा वास भिंतीपलीकडं जात असणार.

आमटी संपली, वाटी घासून झाली, आणि मी अडकलो. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मी साखर घालून बघितली, पण मलाच लाज वाटली. मग डाळिंबं आणली. सोलापुरात डाळिंबाला काय तोटा! एक टपोरं सोललं, वाटी काठोकाठ भरली आणि नेऊन दिली. तिनं दाणे बघितले, मग माझ्याकडं बघितलं. “काका, एक पापुद्रा न्हाय की!” त्या दिवशी मला भात करपल्याचंही काही वाटलं नाही.

असं तीन वर्षं चाललं. वाटी आमटी घेऊन यायची, डाळिंब घेऊन जायची. मी स्वतः डाळिंब खात नाही. कवळीखाली बिया जातात. खरं सांगू का, माझ्याशी कुणी बोलायचं ते त्या वाटीपायी. मुलगा पुण्यात असतो, रविवारी फोन करतो. औषध घेतलं का, गॅस बंद केला का. याला बोलणं नाही म्हणत, हजेरी म्हणतात. ती बाई मात्र दारात उभी राहून नळाला पाणी किती आलं, कोण आजारी आहे, सगळं सांगायची. मीही उगाच डाफरायचो, “रोज कशाला आणता?” आणि दुसऱ्या दिवशी आली नाही की भिंतीकडं कान लावून बसायचो.

मागच्या महिन्यात ती म्हणाली, “काका, आमी सुरतेला चाललो. ह्यांना तिकडं काम लागलं. रविवारी दहाला टेम्पो निघतोय.” मी म्हणालो, “बरं झालं की.” बरं कसलं डोंबलाचं! आणि त्यांची वाटी तेव्हा माझ्याकडंच होती.

रविवारी सकाळीच बाजारात गेलो. फळवाला वैतागेपर्यंत निवडून दोन डाळिंबं घेतली. घरी येऊन पहिलं उकललं तर आतून काळं. ते टाकून दुसरं घेतलं. शेवटची वाटी होती, त्यात डाग चालणार नव्हता. एकेक दाणा निवडत बसलो. साडेनऊला कडी वाजली. “काका...”

वाटी अर्धीच झाली होती. अर्धी वाटी हातात घेऊन दार कसं उघडायचं? थांबेल की दहा मिनिटं, म्हटलं, दहाला तर जायचंय. पुन्हा कडी वाजली. “काका, झोपला काय?” मी श्वाससुद्धा दाबून धरला. मला वाटलं, वाटी न्यायला आलीय.

मग टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मागंपुढं करत असेल, असं समजून मी सोलतच राहिलो. वाटी भरली, काठ फडक्यानं पुसला आणि दार उघडलं. उंबऱ्यावर स्टीलचा डबा होता. हात लावला तर गरम. शेजारच्या दाराला कुलूप. समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, “आत्ताच गेले की. लई थांबली ती तुमच्यासाठी. टेम्पोवाला वरडाय लागला मग.”

डबा घेऊन आत आलो. भात आणि तीच आमटी होती. दुपारी तेच जेवलो. मग कवळी काढून ठेवली आणि डाळिंबाचे दाणे हिरड्यांनी दाबून रस गिळला, बिया थुंकल्या. सगळी वाटी संपवायला तासभर लागला. इतकी डाळिंबं सोलली, पण एक अख्खं असं पहिल्यांदाच खाल्लं. गोड होतं. मध्येच रडू आलं, ते थांबवलं नाही. बघायला कोण होतं?

वाटी नि डबा, दोन्ही घासून ओट्यावर ठेवलेत. दोन्हींवर तेलुगू अक्षरांत नाव कोरलंय, तिचंच असणार. तीन वर्षं मी तिला नुसतं ‘ताई’ म्हणत आलो, नाव कधी विचारलंच नाही. आमच्या पेठेत ते वाचून देणारे घरोघरी आहेत, पण अजून कुणाला दाखवलेलं नाही. विचारतील, तीन वर्षं शेजारी होती आणि नाव माहीत नाही? ती वाटी न्यायला आली नव्हती, निरोप घ्यायला आली होती, आणि मी आत दाणे निवडत बसलो होतो. रिकाम्या हातानं का होईना, दार उघडायला हवं होतं.